सुतासारखे सरळ

आपल्या भाषेत माणसाला 'सुतासारखा सरळ' करण्याची धमकी फार जुनी आहे. ती देणारा सहसा छडीकडे पाहून बोलतो, सुताकडे पाहून नव्हे. वास्तविक सूत कोणाला मारीत नाही. दोन टोके ताणून धरली की ते नुसते असते, आणि शेजारची वस्तू वाकडी असेल तर ती आपोआप वाकडी दिसू लागते. गवंडी भिंत चढवण्यापूर्वी दोरी बांधतो. सुताराच्या तर नावातच सूत आहे. मी शिक्षक आहे, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि वर्षातून तीन-चार वेळा माझ्या मोटारसायकलला दोरी लावतो. सरळपणा कशाने मोजावा या प्रश्नावर मला जे काही म्हणायचे आहे, ते पुष्कळसे या उद्योगातून आलेले आहे. तेव्हा ऐन सणात वाचकांना फराळाबरोबर थोडा वंगणाचा वासही सोसावा लागेल.

मोटारसायकलची साखळी चालून चालून लांबते. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरला बुश-रोलर साखळी सिद्ध केली. माझ्या शंभर सीसीच्या गाडीवर आहे ती तिचीच पणती. एका पिनेपासून दुसरीचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. प्रत्येक पिन तिळातिळाने झिजते आणि साखळी लोंबू लागते. मग ॲक्सलचा नट सैल करून मागचे चाक मागे सरकवायचे. ते ज्यात बसते त्या चिमट्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच सरकले पाहिजे, नाहीतर चाक तिरके बसते. यासाठी कारखान्याने दोन्हीकडे खुणा केलेल्या असतात. डावीकडे तिसरी रेघ, उजवीकडे तिसरी रेघ, झाले काम! बहुतेक मिस्त्री एवढेच पाहतात, आणि बहुतेक वेळा ते भागतेही.

पण त्या खुणा चिमट्यावरच असतात, ही त्यांतली गोम आहे. एखाद्या खड्ड्यात चिमटा किंचित वाकला, तर खुणाही त्याच्याबरोबर वाकतात आणि तरीही एकमेकींशी सहमत राहतात. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच साक्षीवर निकाल द्यायचा, असा हा प्रकार आहे.

दोरीला चिमट्याशी काही देणेघेणे नाही. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. चिवट, बारीक दोरी मागच्या टायरला मागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्याही पुढे न्यावी आणि टोके दोन विटांना बांधावी. दोरी स्टँडला किंवा सायलेन्सरला कोठे अडत नाही ना, हे आधी पाहावे. माझा निम्मा वेळ यातच जातो. मग विटा हळूहळू आत सरकवाव्या, दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेपर्यंत. आता हँडल सरळ धरून पुढच्या चाकाकडे पाहावे. दोन्ही टायर सारख्या रुंदीची असतील तर दोरी चारही कडांना सारखी भिडते. पुढचे अरुंद असेल तर दोन्हीकडची फट सारखी भरली पाहिजे. फूटपट्टी पुरते.

यातले गणित मी नववीच्या मुलांना घालतो. चिमट्याची रुंदी २०० मिलिमीटर धरा. चाक एका बाजूला अवघे एक मिलिमीटर पुढे राहिले. खुणेपाशी डोळ्यांना ते दिसायचे नाही. पण पुढचे चाक सुमारे सव्वा मीटरवर आहे. तेथे तेवढीच चूक सहा मिलिमीटरची होते. दोरी चूक दाखवते ती अशी, ती लांबवर नेऊन.

जवळून चूक न दिसण्याचे आणखी एक कारण आहे. तिरक्या चाकाची गाडी थोडी एका अंगाला ओढते. आपले हात ती नकळत सावरतात. महिन्याभराने त्या हातांना तेच सरळ वाटू लागते. मागे बायकोमुले बसलेली असतात आणि ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक लागेपर्यंत कोणाची काही तक्रार नसते.

आमच्या व्यवसायातही अशा खुणा आहेत. दहावीला मराठीचे २० गुण शाळेच्या हाती असतात. एका शिक्षकखोलीत मी हा युक्तिवाद ऐकला आहे: "सगळ्यांना अठराच्या वरच देऊ. सर्वांना सारखे, मग अन्याय कोणावर?" डावीकडे तिसरी रेघ, उजवीकडे तिसरी रेघ! मी मुलांना रजेचा साधा अर्ज लिहायला सांगतो, तेव्हा ही रेघ कोठे पडली आहे ते कळते.

एका मुलीला मी सहामाहीला बारा दिले. तिचे वडील घरी आले. चांगला माणूस, हातात टोपी घेऊन उभा. म्हणाले, "गुरुजी, बाकी शाळा वीस-वीस देतात. तुमच्या सरळपणाने माझ्या पोरीचा प्रवेश हुकला तर तो कोणी भरून द्यायचा?" प्रश्न खोटा नव्हता. सरळपणाची किंमत मी मोजत नव्हतो, ती मोजणार होती. दोरीची बाजू घेणाऱ्याने हे विसरू नये.

गाडीतही असा पेच येतो. चाके एका रेषेत आली आणि मागून डोळा लावून पाहिले तर साखळी तिरकी! स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चकाकलेली असते. काही जण साखळीसाठी चाक पुन्हा थोडे वाकडे करतात. इंजिनाची ओढ निमूटपणे चालू राहते ना! मला ते पटत नाही. साखळीचे नाते इंजिनाशी आहे, चाकाचे रस्त्याशी, आणि रस्त्यावर इतर माणसे असतात. चाके चाकांशीच जुळवावी आणि मग साखळी का जुळत नाही ते शोधावे. एखादे वायसर उलटे पडलेले असते, स्प्रॉकेट नीट बसलेले नसते. या शोधाला वेळ लागतो. त्या मुलीचे बाराचे बाराच ठेवले आणि वार्षिकापर्यंत रोज शाळा सुटल्यावर तिच्याकडून एक पान लिहून घेतले. वडिलांना हे पुरेसे वाटले की नाही, त्यांनी सांगितले नाही.

ॲक्सलचा नट आवळताना चाक पुन्हा थोडे सरकते, हे मात्र ध्यानात ठेवावे. म्हणून दोरी लगेच सोडू नये. नट पक्का झाल्यावर फट परत मोजावी, साखळीचा ढील पाहावा, आणि चाक हलवल्यामुळे मागच्या ब्रेकचा दांडा ताणला गेलेला असतो, तो नीट करूनच गाडी स्टँडवरून उतरवावी.