चूक एकाच बाजूला झुकते तेव्हा

शेताचा उतारा काढायचा तर सगळे शेत कापून तोलणे शक्य नसते. मग एक तुकडा आखून घेतात, तेवढेच पीक कापतात आणि त्यावरून हिशेब मांडतात. हा तुकडा केवढा असावा, यावर 1940च्या दशकात भारतीय संख्याशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी लहान तुकडे मोठ्या तुकड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा लहान तुकड्यांचा उतारा वाजवीपेक्षा जास्त भरला. हद्दीवरची ताटे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची हद्द मोठी.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. मात्र वर-खाली होणाऱ्या चुका एकमेकींना खोडतात, तशी ही खोडली जात नाही. असे हजार तुकडे कापले, तरी चुकीचाच आकडा अधिक ठामपणे हाती येतो.

अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाला 1936 साली याचाच फटका बसला. सुमारे एक कोटी लोकांना पाठवलेल्या मतपत्रिकांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असे भाकीत छापले गेले. प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्ये त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीत होरपळलेला गरीब मतदार त्यांत फारसा नव्हताच. शिवाय मतपत्रिका परत पाठवणाऱ्यांतही रूझवेल्ट-विरोधकांचा उत्साह जास्त होता.

यंत्राची चूकही अशीच एका बाजूला झुकू शकते. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. रक्ताच्या थेट तपासणीशी त्याचे आकडे ताडणारा अमेरिकी अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट निघाले.

शेतात मोठा तुकडा होता, निवडणुकीत निकाल होता, रुग्णालयात रक्ताची तपासणी होती. माणसाच्या मनाला असे माप कुठून आणायचे?

सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण 1969 च्या क्राइपाक खटल्यात ओळखली. भारतीय वन सेवेच्या निवड मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःच्या नावाची चर्चा होताना तो बाजूला झाला, पण प्रतिस्पर्ध्यांची नावे तपासताना हजर राहिला. मनातले सिद्ध करणे कठीण, म्हणून पक्षपाताची वाजवी शक्यता दिसते का एवढेच न्यायालयाने पाहिले आणि निवड रद्द ठरवली.

नोकरीच्या बाजारात मात्र पक्षपात शोधणे सर्वांत अवघड, कारण न बोलावलेला उमेदवार किती लायक होता हे मालकाला कधी कळतच नाही. म्हणून अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ते माप मुद्दाम घडवले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीची बोलावणी कमी आली. 2007 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. आता अर्जांची पहिली चाळणी अनेक ठिकाणी संगणक करतो, आणि तो जुन्या निवडींवरूनच शिकलेला असू शकतो. अशी जोडअर्जांची परीक्षा कंपन्यांनी स्वतःहून, दरवर्षी घ्यायला हवी आणि तिचे निकाल उमेदवारांपुढे ठेवायला हवेत.