वर्तुळाबाहेरचे छर्रे

नेमबाजीवर बोलण्याचा मला काडीचा अधिकार नाही. लहानपणी माझी गोटीसुद्धा गल दिसली की वाट बदलायची. पण आमच्या मामांची बंदूक मी जवळून पाहिली आहे, आणि तिने जे शिकवले ते पुढे नीतिशास्त्राच्या मास्तरांनाही जमले नाही.

मामा लोणी देवकरचे. बारा बोअरची दुनळी. हरणासाठी एसजीचे काडतूस, आत नऊ टपोरे छर्रे. विकतचे काडतूस मामांना पसंत नसे. उडवलेली पितळी नळकांडी ते घरीच भरत. बुडाला नवी कॅप, मग सोनाराच्या काट्यावर तोललेली दारू, त्यावर पुठ्ठ्याच्या चकत्या, छर्रे आणि वर पुन्हा चकती. चकत्या जुन्या लग्नपत्रिकांच्या. त्यामुळे बार काढला की कुणाचे तरी आग्रहाचे निमंत्रण माळावर जाऊन पडायचे.

मग परीक्षा. जुन्या दारावर कागद चिकटवायचा, मामींची परात ठेवून तीसेक इंचांचे वर्तुळ काढायचे आणि चाळीस पावलांवरून चाप ओढायचा. आतून मामी ओरडत, “अहो, कणीक मळायचीय, परात द्या!” भोके मोजण्याचे काम माझे.

“सहा!”

“नवात सहा! फर्स्ट क्लास!” मामा खूश.

“आणि बाकीचे तीन, मामा?”

“गेले कुठंतरी. माळ काय लहान हाय व्हय रं?”

एका संध्याकाळी मामांनी चिंकाऱ्यावर बार टाकला. हरीण पडले नाही. मागचा पाय ओढत बोरीच्या जाळीआड गेले. आम्ही कंदील घेऊन रात्रभर हिंडलो. रक्ताचे थेंब सापडले, हरीण सापडले नाही. मामांनी पुन्हा काडतूस भरले नाही. परात मामींना कायमची परत मिळाली.

पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. बारामती तालुक्यात सुप्याला 1997 मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले. आमच्या इंदापूर तालुक्यातही कडबनवाडीच्या माळावर आता लोक चिंकारा पाहायला जातात, तेही कॅमेरे घेऊन. बंदुकीचा प्रश्न सुटला. माझा नाही सुटला.

कारण छर्रे मीही उडवतो. “तुझ्या भल्यासाठी सांगतो” हे माझे वर्तुळ. पण परात आपली, दार आपले, मोजणारा भाचाही आपलाच! आत लागलेले ते आपले पुण्य, बाहेर गेलेले ते माळाचे नशीब, असा हा हिशेब. हेतू चांगला होता हे खरे. पण हेतू म्हणजे नुसता नेम. चाप ओढला की नऊच्या नऊ छर्रे आपले, हे मामांना त्या रात्री कळले. मला अजून कळते आहे.

परवा नातवाला मार्कांवरून बोललो. नेम त्याच्या आळसावर होता. त्यातला एखादा शब्द भलतीकडेच लागला असावा. दोन दिवस पोरगा पानावरून मान वर करत नाही.

मी कंदील शोधतो आहे.