निळ्यावर निळं

बुवांनी कीर्तनात संगणकाचा दृष्टांत दिला आणि मंडप डोलला. १९९०च्या आसपासची गोष्ट. कऱ्हाडात तेव्हा कम्प्युटर जवळून पाहिलेली माणसं थोडी, त्यामुळे दृष्टांताला आडवं येणारं कुणी नव्हतं. ‘निळ्या पडद्यावर निळ्याच शाईने विठ्ठल लिहिलाय. तुम्हाला दिसत नाही. म्हणून काय तो नाही?’ मंडपातून ‘आहे, आहे’ असा गजर उठला. मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि मनात म्हणत होते, बुवा, दृष्टांत माझ्या क्लासातला, पण निष्कर्ष कुठून उचललात?

एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मी पोरांना बेसिक ही संगणकाची भाषा शिकवायची. धुळीच्या धास्तीने चपला बाहेर काढायच्या. मशिनं बहुतेक हिरव्या अक्षरांची. रंगीत मॉनिटर एकच, त्याच्या खुर्चीसाठी रोज भांडणं. बुवांचा नातू एकदा त्या खुर्चीवर बसला आणि जीडब्ल्यू-बेसिकमध्ये तीन ओळी टाइप केल्या. दहा नंबरला ‘कलर १, १’, वीसला ‘सीएलएस’, तीसला ‘प्रिंट’ आणि अवतरणात रोमन लिपीत विठ्ठलाचं नाव. मग ‘रन’. पडदा निळाशार. अक्षर नाही, ‘ओके’ नाही, कर्सरसुद्धा नाही.

‘मॅडम, हँग झालं!’

हँग काही झालं नव्हतं. कलर आज्ञेतला पहिला आकडा शाईचा, दुसरा पार्श्वभूमीचा. ० म्हणजे काळा, १ निळा, २ हिरवा, ७ पांढरा, १४ पिवळा. पोराने दोन्हीकडे १ दिला. मी त्याच निळ्यात, न दिसणाऱ्या अक्षरांनी, ‘कलर ७, ०’ टाइप केलं आणि एंटर दाबलं. निळ्यात एक काळी चिरफळी उमटली आणि तिच्यावर पांढरं ‘ओके’ आलं. आधीचा विठ्ठल मात्र निळ्यातच राहिला, कारण कलर आज्ञा पुढे लिहायच्या अक्षरांना लागू होते, लिहून झालेल्यांना नाही. नातवाला न्यायला आलेले बुवा मागे उभे होते.

‘म्हणजे ताई, नाव तिथं होतं?’

‘होतं. अजून आहे.’ मी ‘प्रिंट स्क्रीन(१, १)’ असं विचारलं. पहिल्या ओळीतल्या पहिल्या घरात कोणतं अक्षर आहे, हे त्याने कळतं. उत्तर आलं ८६, म्हणजे रोमन व्ही.

बुवांनी पडद्याला हात जोडले. सप्ताह जवळच आला होता.

बुवांच्या दृष्टांतात दम आहे, हे आधी मान्य करते. दिसत नाही म्हणजे नाही, असा उतावीळ निकाल देणाऱ्याला तो चोख उत्तर देतो. आणि हे उत्तर आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी शतकं आधी तयार होतं. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली सातवी कारिका वस्तू असूनही न दिसण्याची आठ कारणं मोजते: फार लांब असणं, फार जवळ असणं, इंद्रिय बिघडणं, मन ठिकाणावर नसणं, वस्तू सूक्ष्म असणं, मधे आडोसा असणं, दुसऱ्या प्रखर वस्तूने झाकोळून जाणं, आणि आठवं, सारख्यात सारखं मिसळून जाणं. याला समानाभिहार म्हणतात. टीकाकारांनी दाखला दिलाय मुगाच्या राशीत टाकलेल्या मुगाच्या दाण्याचा. ‘कलर १, १’ म्हणजे शुद्ध समानाभिहार. माझे वडील संस्कृतचे मास्तर. त्यांनी ही कारिका मला सांगितली तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी क्लासात फळ्यावर आठही कारणं लिहिली. पोरांनी वहीत उतरवून घेतली आणि परीक्षेला येणार का, एवढंच विचारलं.

पण बुवांनी सातवी कारिका वापरली आणि आठवीकडे पाठ फिरवली. आठव्या कारिकेत ईश्वरकृष्ण म्हणतो की मूळ प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म आहे म्हणून, नाही म्हणून नव्हे. आणि लगेच कारण देतो: तिचं कार्य दिसतं, त्यावरून ती कळते. म्हणजे न दिसणारी वस्तू ‘आहे’ म्हणायची तर तिने काहीतरी करून दाखवलं पाहिजे. आठ सबबींची यादी करणाऱ्याने सबबीवर कुणाला सोडलेलं नाही. शिवाय ही यादी ज्या दर्शनाची, त्या जुन्या सांख्यात ईश्वराला जागाच नाही. बुवांना हे सांगितलं असतं तर सप्ताहात मला प्रसाद मिळाला नसता.

नातवाच्या निळ्यातल्या विठ्ठलाने कार्य करून दाखवलं होतं. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये पडद्यावरच्या कुठल्याही ओळीवर कर्सर नेऊन एंटर दाबलं की मशीन ती ओळ पडद्यावरूनच वाचतं आणि आज्ञा समजून पाळायला जातं. मी बाणाच्या कळीने कर्सर वर, त्या निळ्या ओळीत नेला, एंटर दाबलं, आणि ‘सिंटॅक्स एरर’ आला. खरोखर रिकाम्या असलेल्या ओळीवर एंटर दाबलं तर काहीच येत नाही. डोळ्याला दोन्ही ओळी सारख्या, पण मशीनने एकीला नुसतं ओलांडलं आणि दुसरीवर कुरकुर केली. न दिसणारं नाव आणि नसलेलं नाव यांत फरक आहे तो असा, बोट ठेवून दाखवता येणारा.

मीमांसक आणि नैयायिक यांनी या विषयावर फार बारीक कातलंय. जमिनीवर घडा नाही हे मला कशाने कळतं? कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, अनुपलब्धी हे त्यासाठी वेगळंच प्रमाण आहे. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षच कळतो. भांडण मोठं आहे, पण एका अटीवर दोघांचं जमतं. न दिसणं हे योग्य हवं: घडा इथे असता तर मला दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधारात घडा दिसला नाही तर तो नाही असं म्हणायचा अधिकार नाही.

ही अट मला कलर आज्ञेइतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेली नाही. ‘कलर ७, १’ असताना पडदा कोरा दिसला, तर तिथे काही छापलेलं नाही असं मी बेधडक म्हणेन, कारण असतं तर निळ्यावर पांढरं दिसलं असतं. ‘कलर १, १’ असताना तोच कोरा पडदा मला काहीच सांगत नाही. पुरावा एकच, पण एका परिस्थितीत तो पुरावा आहे आणि दुसरीत नाही. नास्तिक मित्रांना मी हे नेहमी ऐकवते. दुर्बिणीत देव दिसला नाही म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं की देव असता तर दुर्बिणीत का दिसला असता.

आणि आस्तिकांना ऐकवते ते हे. ‘कलर १, १’चा कोरा पडदा नाव नाही असं सिद्ध करत नाही, तसं नाव आहे असंही करत नाही. मंडपातल्या ‘आहे, आहे’ला आधार होता तो माझ्या ८६चा. तो आकडा बुवांनी दृष्टांतातून वगळला. न दिसणाऱ्या विठ्ठलाची गोष्ट सांगितली, पण तो आहे हे मुळात कशाने कळलं ते सांगितलं नाही. स्क्रीन हे फंक्शन काढून घ्या, एंटरची युक्ती काढून घ्या, प्रोग्रॅमच्या तीन ओळी पुसा, मग उरलेल्या निळ्या पडद्याबद्दल ‘इथे नाव आहे’ आणि ‘इथे नाव नाही’ या दोन वाक्यांत फरक तो काय राहिला?

बेसिक ही भाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी केली. यातले केमेनी गणिती, तरुणपणी आइन्स्टाइनचे साहाय्यक, तत्त्वज्ञानही शिकवलेले. १९५९ साली ‘अ फिलॉसॉफर लुक्स ॲट सायन्स’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं. त्यांच्या बेसिकला रंग नव्हते. टेलिटाइपच्या कागदावर छापून यायचं ते यायचं. आम्ही शिकवत होतो ती कलर आज्ञा १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर आली. केमेनींना बुवांचा दृष्टांत ऐकवायला मला आवडलं असतं.

सप्ताह संपल्यावर मी माझी शंका बुवांच्या कानावर घातलीच. बुवा चतुर. म्हणाले, ‘अहो ताई, तो निर्गुण आहे. त्याला तुमचं फंक्शन काय मोजणार?’

इथे मात्र मला राहवलं नाही. निळ्यावर निळं म्हणजे निर्गुण नव्हे! त्या पडद्यावर ८० गुणिले २५, म्हणजे २००० घरं. प्रत्येक घरासाठी मेमरीत दोन बाइट. पहिल्यात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात ते कसं दिसायचं: चार बिट शाईचे, तीन पार्श्वभूमीचे, एक लुकलुकण्याचा. नातवाच्या विठ्ठलाच्या दुसऱ्या बाइटात १७ होते, एक पार्श्वभूमीचा सोळापट आणि एक शाईचा. गुण होता, पुरेपूर होता, फक्त शेजाऱ्यापासून वेगळा नव्हता. कोऱ्या घरातही मोकळ्या जागेचा ३२ हा क्रमांक असतो आणि त्यालाही रंगाचा बाइट असतो. त्या मशीनमध्ये निर्गुण म्हणून काही लिहिताच येत नाही.

वैशेषिकांचं एक मत आहे की द्रव्य उत्पन्न होतं त्या पहिल्या क्षणी त्यात गुण नसतो. गुण दुसऱ्या क्षणी येतो, कारण गुणाला द्रव्याचाच आधार लागतो आणि आधार आधी हवा. मी हे मशीनवर करून पाहिलं. प्रिंट न वापरता पोक वापरून थेट मेमरीत लिहायचं: ‘डेफ सेग’ देऊन रंगीत पडद्याची मेमरी गाठायची, शून्याव्या जागी ६५ म्हणजे ए टाकायचा, आणि मधे मुद्दाम थोडा वेळ काढून पहिल्या जागी ३० म्हणजे निळ्यावर पिवळा. मधल्या वेळात ए निर्गुण राहत नाही. त्या घरात आधी जे कुणी होतं त्याचा रंग घेऊन तो उभा असतो. वैशेषिकांचा गुणहीन क्षण काही हाती लागला नाही.

आणि रंग तरी कुठे आहे? मेमरीत निळा नाही, १ आहे. हिरव्या अक्षरांच्या मशिनांवर, साध्या मोनोक्रोम कार्डाला, हाच १ दिला की निळा न येता अक्षराखाली रेघ येते. ६ हा आकडा नियमाप्रमाणे मळकट पिवळा व्हायला हवा. आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये हिरवा कमी करणारं खास सर्किट आहे म्हणून तो तपकिरी दिसतो. निळा रंग आणि निळ्याचं ज्ञान वेगवेगळी कधी सापडत नाहीत, म्हणून ती वेगळी नाहीत, असं बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती म्हणायचा. मला ते पटत नाही. पडदा बंद केला तरी १ जागेवर असतो आणि त्याचं ज्ञान कुणालाच नसतं. पण तो ‘निळा’ असतो का, हे विचारलं तर मी गप्प बसते.

बुवांना देवाचा दृष्टांत हवाच होता तर माझ्याकडे याहून बरा होता. १९८२ साली इंग्लंडात निघालेल्या स्पेक्ट्रम या छोट्या संगणकाच्या बेसिकमध्ये शाईला ‘इंक’ आणि पार्श्वभूमीला ‘पेपर’ म्हणत. रंग ० ते ७. पण ‘इंक ९’ अशी एक सोय होती: कागदाचा रंग कोणताही असो, तो गडद असेल तर शाई आपोआप पांढरी होणार, फिका असेल तर काळी. वाचणाऱ्याला दिसावं एवढ्यासाठी अक्षर स्वतःचा रंग बदलणार. पंढरीला जाणारा वारकरी निळ्यात लपलेल्या नावासाठी पायपीट करत नाही. तो जातो विटेवर उभ्या असलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या मूर्तीसाठी. भक्तीला ‘इंक ९’चा देव लागतो. यातूनही देव आहे हे सिद्ध होत नाहीच. पण भक्त काय मानतो ते तरी यात नीट बसतं. निळ्यावर निळ्याचा दृष्टांत भक्ताचं मानणं चुकीचं सांगतो आणि नास्तिकाला अर्धवट उत्तर देतो.

तेव्हा माझा निकाल असा. दिसत नाही म्हणून देव नाही, हे म्हणणं कच्चं आहे. दिसत नाही, पण दिसू नये अशीच व्यवस्था आहे, म्हणून देव आहे, हे त्याहून कच्चं आहे. पहिल्याने निदान पाहायचा प्रयत्न केलेला असतो. हल्लीच्या कीर्तनांत वायफाय, मोबाइलची रेंज, क्लाउड असे दृष्टांत ऐकू येतात. ऐका, दाद द्या, दृष्टांत चांगला असेल तर टाळीही द्या. फक्त कीर्तन संपल्यावर, पाया पडून झाल्यावर, बुवांना एवढं विचारा: महाराज, तुमचा ८६ कुठे आहे?