थांबण्याचे मोल

वाटेत वारंवार थांबणाऱ्या मनुष्यास आपण आळशी म्हणतो, आणि न थांबता पुढे जाणाऱ्यास उद्योगी म्हणतो. हा न्याय सर्वदा खरा आहे काय, ह्याचा थोडा विचार करू.

आपला मुलूख रानाचा. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही. यास्तव कोकणच्या किनाऱ्यावर शिडाची गलबते कशी चालत, हे प्रथम सांगितले पाहिजे. रात्री जमीन निवते, आणि पहाटेपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यास मतलई वारा म्हणतात. दिवसा जमीन तापली म्हणजे तो उलटतो व समुद्राकडून येतो. तो खारा वारा होय. तांडेल ह्या दोन्ही वाऱ्यांचा उपयोग करून किनाऱ्याकिनाऱ्याने जाई, आणि वारा पडला किंवा आभाळ फिरले म्हणजे आडोसा पाहून नांगर टाकी. थळासमोर खांदेरी-उंदेरी ही बेटे, राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी जंजिरा, पुढे हर्णैजवळ सुवर्णदुर्ग, असे त्याच्या वाटेवरील टप्पे. नांगर टाकून बसलेला हा तांडेल आळशी होता काय? तो शीड शिवी, गोडे पाणी भरून घेई व आकाशावर लक्ष ठेवी. त्याचे थांबणे हा त्याच्या प्रवासाचाच भाग होता. आज कोणी केवळ हौसेने शिडाच्या नावेतून बेटाबेटाशी विसावा घेत हिंडला, तर त्यातही दोष नाही. विसाव्याची गरज देवानेच मनुष्याच्या ठायी ठेविली आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. पौलाचे तारू कुप्राच्या आडोशाने, मग क्रेताच्या आडोशाने, असेच हळूहळू चालले होते. जेथे ते थांबले ते बंदर हिवाळा काढण्यास सोयीचे नव्हते. पौलाने पुढे न जाण्याविषयी सांगितले. परंतु बहुतेकांस अधिक चांगले बंदर हवे होते, आणि मंद दक्षिणवारा सुटताच त्यांनी नांगर उचलला. मग तुफान आले. २७६ जीव वाचले, पण तारू व माल गेला. त्यांना घाई होती ती कर्तव्याची नव्हे, सोयीची होती.

येथवर सोपे आहे. परंतु ह्यात एक अडचण राहते. तांडेल थांबू शकला, कारण त्याच्या गलबतावर तांदूळ होता. ज्याच्या घरी उद्याचे अन्न नाही, त्याने कसे थांबावे?

आपल्या जिल्ह्यांस समुद्र नसला तरी नद्या आहेत. पर्लकोटेस पूर येऊन भामरागडाची वाट बंद पडलेली किती पावसाळे लोकांनी पाहिली! ज्याची कणगी भरलेली तो अशा वेळी निश्चिंत बसतो; मजुराच्या घरी मात्र प्रत्येक दिवस मोजला जातो. २०२४ सालच्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडण्यास पलीकडे जाणाऱ्या स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली, आणि त्यांपैकी कित्येक बुडून मेल्या. तेव्हा पावसाळा नव्हता. ती का उलटली, ह्याचा निवाडा करणे आपले काम नव्हे. परंतु त्या सहलीस निघाल्या नव्हत्या. दिवसाच्या मजुरीसाठी निघाल्या होत्या. त्यांस कोणी धीर धरण्याचा बोध केला असता, तर त्या बोधाने त्यांची चूल पेटली नसती.

म्हणून माझे म्हणणे असे की, थांबावे किंवा नाही एवढेच विचारून भागत नाही. थांबण्याचे मोल कोण देतो, हेही विचारले पाहिजे. आपला विसावा आपल्या पदरच्या खर्चाने घेतला, तर तो निर्दोष आहे. पण आपण स्वस्थ बसावे, आणि नदी चढली म्हणून न आलेल्या मजुराचा खाडा मांडावा, हा अन्याय होय. कारण मग तो दुसऱ्या दिवशी पाणी पाहणार नाही. खाडा पाहील, आणि डोंग्यात पाय ठेवील.

ज्यांच्या शेतावर कामकरी नदी ओलांडून येतात, त्यांनी पुराच्या दिवसाची मजुरी कापू नये. ज्या मंडळीत चार घरी धान्य आहे, तिने पाचव्या घरास पूर ओसरेपर्यंत पोसावे. असे केल्यावरच कोणास "थांब, पाणी उतरू दे" असे सांगण्याचा अधिकार आपल्यास येतो.