गॅलरी आत घेतली

समोरच्या इमारतीत आता एकच उघडी गॅलरी उरली आहे. बाकीच्यांनी आपापली गॅलरी आत घेतली. सरकत्या काचा, बाहेरून ग्रिल, ग्रिलमध्ये दोन कुंड्या. यात हसण्यासारखं काही नाही. मुंबईत तेवढ्या जागेत दहावीतल्या मुलीचं टेबल बसतं, आजोबांची कॉट बसते. जागा फुटांत मोजून घेणाऱ्याला रिकामी जागा परवडत नाही.

तरी सकाळी त्या काचांकडे पाहताना वाटतं, गॅलरीबरोबर आणखी काय काय आत गेलं?

कोकणातल्या जुन्या घरात रस्त्यावरून माजघरात एकदम पोचता येत नाही. आधी अंगण, मग पडवी, मग ओटी. प्रत्येक टप्प्यावर पाऊल जरा थबकतं. पोस्टमन पडवीतूनच मागे वळतो. गावातला कुणी ओटीवर टेकतो, पाणी पितो, सुपारी कातरतो, आणि काम न सांगताच उठतो. घरचा माणूस पाय धुऊन सरळ आत. कोणी कुठवर यायचं, हे माणसांना सांगावं लागत नाही. घरच सांगतं.

घर सांगायचं ते सगळं चांगलंच असायचं, असंही नाही. जातीमुळे अंगणातच उभी राहिलेली माणसं त्याच घराने पाहिली. परका पुरुष उठून जाईपर्यंत दाराआड थांबलेल्या बायकाही. ओटीने माणसं जशी जवळ केली, तशी लांबही ठेवली.

गिरणगावातल्या चाळीत हे सगळे टप्पे एका लांबलचक गॅलरीत गोळा झाले. खोली दहा बाय बाराची, म्हणून अर्धा संसार कठड्यापाशी. तिथेच तांदूळ निवडायचे, अभ्यास करायचा, भांडायचं, रात्री अंथरूण टाकायचं. आडोसा मात्र कुठे नव्हता. शेजारणीला सगळं कळायचं. आजारपणात त्याचा आधार वाटायचा, एरवी जाच.

१९८०च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत, बेलापूरला, सिडकोसाठी बैठी घरं आखली. सात घरांमध्ये एक चौक, साधारण आठ मीटर लांब-रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा थोडा मोठा चौक. दोन घरांत सामाईक भिंत नाही, आणि कुणाची खिडकी शेजाऱ्याच्या घरात डोकावत नाही. चाळीतली सोबत ठेवायची आणि जाच काढायचा, असा तो प्रयत्न मला वाटतो. जमेल तसं घर वाढवायची मुभाही त्यांनी ठेवली होती. लोकांनी ती मनापासून घेतली. मजले चढले, कौलं गेली, काही घरं तर पाडून नव्याने उभी राहिली. चौक मात्र टिकले. ते कुणा एकाचे नव्हते, म्हणून कुणालाच आत घेता आले नाहीत.

फ्लॅटच्या दाराला दोनच गोष्टी येतात, उघडणं आणि बंद होणं. सहज आलेल्या माणसाला टेकायला मधली जागाच नाही. त्याला थेट सोफ्यावर बसवावं लागतं. टीव्हीचा आवाज कमी करावा लागतो, चहा टाकावा लागतो. त्यालाही ते कळतं, मग तो आधी फोन करतो. पुढे पुढे फोनवरच भागवतो. आपण म्हणतो, माणसं तुटक झाली. झालीही असतील. पण पाच मिनिटांसाठी येणारा माणूस आधी घराच्या नकाशातून गेला असावा, मनातून तो नंतर गेला.

आमच्या मजल्यावर लिफ्टच्या समोर हळूहळू काही गोष्टी जमल्या आहेत. कुणाचं चपलांचं कपाट, त्यावर बसता येईल इतकं रुंद. एका दाराशी वीतभर रांगोळी. एक प्लास्टिकची खुर्ची, जी नेमकी कुणाची ते कुणालाच माहीत नाही. दुपारी भाजी निवडायला तिथे कुणीतरी बसलेलं असतं, आणि जाता-येता दोन शब्द होतात. पॅसेज मोकळा ठेवावा, अशी सोसायटीची नोटीस दर वर्षी लागते. आगीचा विचार केला तर ती योग्यच आहे. नोटीस लागली की खुर्ची कुणीतरी आत नेतं. आठवड्याभराने ती पुन्हा बाहेर येते, आणि सेक्रेटरीही जाता जाता तिच्यावर बसून बुटांची नाडी बांधतात.