व्यवस्था आणि नेतृत्व : उहुदचा धडा



पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर येथे राजबाग परिसरात विद्यापीठ आहे. तेथे तरुणांना व्यवस्थापनशास्त्र शिकविले जाते. या शास्त्रात जॉन कॉटर यांनी १९९० मध्ये मांडलेला भेद प्रसिद्ध आहे. नियोजन, अंदाजपत्रक, कामाची वाटणी व देखरेख म्हणजे व्यवस्थापन. दिशा दाखविणे, माणसे जोडणे व त्यांच्यात उमेद जागविणे म्हणजे नेतृत्व. आमच्या मशिदी, मदरसे व ट्रस्ट याही संस्थाच आहेत. म्हणून हा भेद इस्लामच्या प्रकाशात पाहणे अगत्याचे आहे.

हिजरी ३ मध्ये उहुदच्या लढाईपूर्वी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साथीदारांचा सल्ला घेतला. मदिनेत राहूनच प्रतिकार करावा, असा त्यांचा स्वतःचा कल होता. तरीही बाहेर पडण्याचा इतरांचा आग्रह त्यांनी मान्य केला. मग टेकडीवर ५० तिरंदाज नेमून, काहीही झाले तरी जागा सोडू नये, अशी ताकीद दिली. विजय दिसताच बहुतेकांनी जागा सोडली. सुमारे ७० साथीदार शहीद झाले, स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले. व्यवस्था मोडली की केवढी किंमत मोजावी लागते, हे येथे दिसते.

अशा प्रसंगी एखादा कारभारी दोषींना दूर करील आणि यापुढे कोणालाही विचारणार नाही. सूरह आलि इमरानच्या १५९ व्या आयतीतील आदेश मात्र वेगळा आहे : त्यांना माफ करावे, त्यांच्यासाठी अल्लाहकडे क्षमा मागावी आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहावे. चुकलेल्या माणसाला पुन्हा सल्ल्याच्या बैठकीत बसविणे, हे नेतृत्व होय.

याचा अर्थ व्यवस्था गौण आहे, असा नव्हे. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या धान्यकोठारांची जबाबदारी घेतली, ती रक्षण व जाणकारी या गुणांच्या बळावर. उत्तम हिशेब हीसुद्धा अमानतच आहे.

आता आपणच स्वतःला विचारावे. ट्रस्टची वही चोख असेल. पण मोहल्ल्यातील विधवेच्या दारी कोण गेले? एका चुकीमुळे बैठकीतून उठविलेला तरुण परत आला का? घरात खर्च भागविणारा पिता मुलांचे मत ऐकतो का? प्रत्येक जण आपल्या हाताखालच्यांबद्दल जबाबदार आहे, आणि त्याचा जाब अल्लाहसमोर द्यावयाचा आहे.

अल्लाह आम्हांला चोख हात आणि मृदू अंतःकरण देवो. आमीन.