विटणं आणि विरणं

मराठीत कपडा म्हातारा होण्यासाठी निदान चार क्रियापदं आहेत. रंग विटतो, कापड विरतं, शिवण उसवते आणि शेवटी कपडा फाटतो. चारही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विटलेला सदरा आणखी पाच वर्षं अंगावर टिकू शकतो. विरलेली साडी मात्र रंगाने टवटवीत असली तरी एक दिवस खिळ्याला अडकून टर्रकन फाटते.

दुकानातल्या डिटर्जंटच्या पाकिटावर या चौघींच्या जागी एकच शब्द असतो: 'काळजी'. कपड्यांची काळजी, रंगांची काळजी, नव्यासारखी चमक. आपण तो वाचून पाकीट उचलतो. पण काळजी कशाची? दिसण्याची की टिकण्याची? या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. कधी कधी तर एकीची किंमत दुसरीने मोजलेली असते.

आधी पाकिटात काय असतं ते बघू. मळ काढणारा साबणासारखा पदार्थ तर असतोच, पण त्याच्या सोबतीला बरीच मंडळी असतात. पाण्यात सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसू नये म्हणून एक पदार्थ. लाल कुर्त्याचा रंग पांढऱ्या ओढणीला लागू नये म्हणून सुटा रंग पाण्यातच धरून ठेवणारा दुसरा. मग पांढरेपणा आणणारी रसायनं. आपल्या आधीच्या पिढ्या निळीचं बोट पाण्यात फिरवायच्या, नंतर 'टिनोपाल' आलं. त्याचं तत्त्व गमतीचं आहे. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषायचे आणि ते निळसर प्रकाश म्हणून बाहेर टाकायचे. कापडाचा पिवळेपणा जात नाही, निळसर उजेडात झाकला जातो. म्हणजे कपडा अधिक स्वच्छ होत नाही, अधिक स्वच्छ दिसतो.

पण सगळ्यात विचार करायला लावणारा पदार्थ आहे सेल्युलेज नावाचं एन्झाइम. सुती कपडा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. घासून घासून सुताचे बारीक तंतू वर येतात, त्यांची लव होते, मग गोळे. त्या लवेवर प्रकाश विखुरतो आणि काळा टी-शर्ट राखाडी वाटू लागतो. रंग गेलेला नसतोच, लवेमागे दडलेला असतो. सेल्युलेज ही लव कापून टाकतं. कपडा गुळगुळीत होतो, रंग पुन्हा खुलतो. पण कापलेली लव बाहेरून आलेली घाण नव्हती, ते कापडच होतं. पाकिटात प्रमाण जपून घातलेलं असतं, त्यामुळे एका धुण्यात होणारा तोटा किरकोळ. तरी तो शून्य नाही. विटलेपण लपवण्यासाठी आपण थोडं विरणं विकत घेतो.

या एन्झाइमचं कुळ कोकणातल्या माणसाला परकं वाटू नये. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू दमट हवेत कुजू लागले. तपासात जी बुरशी सापडली, ती पुढे 'ट्रायकोडर्मा रीसी' नावाने प्रसिद्ध झाली. सुताचा चट्टामट्टा करणारं सेल्युलेज ती भरपूर बनवते. आज कापडउद्योगात आणि डिटर्जंटमध्ये वापरलं जाणारं सेल्युलेज अशाच वेगवेगळ्या बुरशी-जिवाणूंकडून मिळवतात. पावसाळ्यात कपाटातल्या सुती साडीवर काळे ठिपके पाडणारी आणि कापड 'नव्यासारखं' ठेवणारी शक्ती मुळात एकाच जातीची. फरक फक्त प्रमाणाचा.

आणखी एक गंमत. कारखान्यात हेच एन्झाइम कोऱ्या जीन्सवर वापरतात, पण उलट्या कामासाठी. पूर्वी जीन्स जुनाट दिसावी म्हणून ती प्युमिस या सच्छिद्र दगडांसोबत यंत्रात घुसळत. आता बऱ्याच ठिकाणी दगडांचं काम सेल्युलेज करतं. ते वरचे तंतू खातं, त्यांच्यासोबत निळा रंग सुटतो आणि गुडघ्यावर 'दहा वर्षं वापरल्याचा' फिकेपणा येतो. म्हणजे एकच एन्झाइम जुन्याला नवं दाखवतं आणि नव्याला जुनं. त्याला नव्या-जुन्याचं काही कळत नाही, ते फक्त कापतं. काय दिसावं हे आपण ठरवतो. इथे रसायनशास्त्र संपतं आणि नैतिक प्रश्न सुरू होतो: जुनं दिसण्याची परवानगी कोणाला आहे?

इन्सुलीचं उदाहरण घ्या. सावंतवाडी तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं हे गाव. पुढे बांदा, त्याच्यापुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द. या पट्ट्यातली कितीतरी मुलं-मुली रोज गोव्यात कामाला जातात: हॉटेलांत, दुकानांत, कारखान्यांत. जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, तसा तिकडचाही एक रस्ता उघडला. अशा नोकरीत दोन काळ्या पँटी आणि दोन पांढरे शर्ट असले, तर ते आठवडाभर आलटून पालटून चालवायचे. उन्हाळ्यात बाईकवर तांबडी माती, जूननंतर पाऊस. पडवीत दोरीवर टाकलेले कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, कुबट वास धरतात. आणि समोर मॅनेजरचं वाक्य: "नीट कपडे घालून ये."

त्याच हॉटेलच्या टेबलावर गुडघ्यावर फाटलेली, फिकी जीन्स घातलेला पाहुणा बसलेला असतो. त्याचं विटलेपण विकत घेतलेलं आहे. वाढणाऱ्या मुलाचं विटलेपण झालेलं आहे. पाहुण्याच्या जीन्सला आपण स्टाईल म्हणतो आणि मुलाच्या पँटीला गबाळेपणा. या मुलाने 'काळ्या कपड्यांसाठी खास' लिक्विड घेतलं तर त्याला दिखाऊ म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. तो चमक विकत घेत नाही, नोकरी टिकवतो.

महाराष्ट्राने हा प्रश्न पूर्वीही दोन बाजूंनी पाहिला आहे. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांशी बोलताना लुगडं कसं नेसावं, दागिने कोणते टाकावेत हे सांगितलं. जे कपडे बघून जात ओळखली जाते, ते कपडे बदलणं हा त्यांच्या लेखी वरवरचा मुद्दा नव्हता, माणूसपणाचा होता. दुसरीकडे परीट कुटुंबात जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांचा अंगरखा घालून, हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरले. त्यांनी स्वच्छता आणि नवेपणा यांची गाठ सोडवली. कपडा ठिगळांचा असू शकतो, गाव स्वच्छ हवं. वरवर हे दोघं उलट दिशांना जाताना दिसतात. पण कपड्यावरून माणसाची किंमत करू नका, हे दोघांचंही म्हणणं. एकाने त्यासाठी लोकांचा कपडा बदलला, दुसऱ्याने बघणाऱ्याची नजर.

म्हणून 'अशी रसायनं वापरावीत का?' या प्रश्नाचं सरसकट हो किंवा नाही असं उत्तर मला प्रामाणिक वाटत नाही. जिथे दुसऱ्याची नजर आपली भाकरी ठरवते, तिथे वापरावीत. युनिफॉर्म, मुलाखतीचा शर्ट, कॉलेजच्या कार्यक्रमाचा कुर्ता. पण घरातल्या टी-शर्टला, चादरीला, टॉवेलला नवं दिसण्याची सक्ती कोणी केली? टॉवेलला तर मऊपणाचं लिक्विड घातलं की तो पाणी कमी टिपतो, म्हणजे दिसण्या-स्पर्शाच्या नादात टॉवेलचं कामच अर्धं होतं.

टिकण्याची काळजी बहुतेक फुकटची असते. कपडा उलटा करून धुवा, सावलीत वाळवा, मळला नसेल तर धुऊच नका. सुटलेला टाका त्याच दिवशी घाला. पेजेची खळ हीसुद्धा चांगली युक्ती होती: मळ खळीवर बसायचा आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबरच निघून जायचा.

एक साक्षीदार आपण नेहमी विसरतो, तो म्हणजे पाणी. कोकणात न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी माडाच्या किंवा केळीच्या बुंध्याशी सोडायची रीत आहे. पावसात त्यातलं बरंच व्हाळाला मिळतं, व्हाळ नदीला. पांढरेपणा आणणारी ती रसायनं सहजी कुजत नाहीत. शर्ट विटला की आपल्याला दिसतं. व्हाळ विटला तर उशिरा कळतं, आणि त्याला उजळवणारं लिक्विड कुठल्या दुकानात मिळत नाही.

पाकिटावरची 'काळजी' वाचताना एवढं एकच विचारावं: हे माझा कपडा विटण्यापासून वाचवतंय की विरण्यापासून? आणि समोरच्याच्या अंगावर विटलेला शर्ट दिसला, की आपल्या डोळ्यांनी त्या माणसाबद्दल काय ठरवून टाकलं, हेही तपासावं. ती नजर बदलली, तर निम्म्या बाटल्यांची गरजच उरणार नाही.